कोच गुइड्रींचा अंगठा

सेंट ओडील हायस्कूलच्या जिमबाहेर एक फळी होती,
तिच्यावर माझं नाव :
अल्सीद बतीस्त, शंभर मीटर, दहा पूर्णांक चार, १९७९.
चारच्या आकड्याचा पाय
रंगाऱ्याच्या हातून जरा लांब ओढला गेला होता.
मी थांबलो, तो चाळीस वर्षं धावत राहिला.

ट्रॅक म्हणजे साखर कारखान्याच्या भट्टीतली राख,
रोलर फिरवून बसवलेली.
पडलं की कातडीत शिरायची.
डाव्या गुडघ्यात अजून एक काळा ठिपका आहे,
नातीला तो तीळ वाटतो.
मीही तीळच म्हणतो.

आई हॉस्पिटलात चादरींच्या घड्या घालायची.
एकदाच आली बघायला, दोन बस बदलून.
पर्सची चेन अडकली होती, ती खाली बघून ओढत होती,
तेवढ्यात मी जिंकलो.
"झालं पण?" म्हणाली.
"एवढ्यासाठी अर्ध्या दिवसाचा पगार गेला माझा."

"सेट" म्हटल्यावर आणि बार उडण्याआधी
एक जागा असते.
तिथं पलीकडच्या बायूतला बगळासुद्धा
एक पाय वर धरून थांबतो.
पदकं कुठल्या खोक्यात आहेत आठवत नाही,
ती जागा आठवते.
मुलगी जन्मली त्या रात्री, ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर,
मी पुन्हा तिथंच होतो.
फक्त पुढं रेषा नव्हत्या आखलेल्या.

शेजारच्या लेनमध्ये व्हर्नेल पिट्स.
तीन वर्षं त्याला हरवलं
आणि तीन वाक्यं बोललो नाही त्याच्याशी.
आता त्याचं टायरचं दुकान आहे हायवेवर.
परवा पंक्चर काढताना म्हणाला,
"तुझी पाठ मला पाठ आहे, अल्सीद.
उजवा खांदा वर यायचा तुझा, दमलास की."
मला माहीत नव्हतं.
मला कसं माहीत असणार?

मग विद्यापीठ, स्कॉलरशिप, नवे बूट,
आणि पहिल्याच सकाळी माझ्यापुढं सहा पाठी.
वासरांत शहाणी ठरलेली लंगडी गाय मी.
नोव्हेंबरात मांडीमागं काहीतरी तुटलं,
ओली दोरी तुटावी तसं, बिनआवाजाचं.
घरी परतलो. कुणी काही विचारलं नाही,
तेच जास्त लागलं.

तेव्हापासून पाण्याचे मीटर वाचतो.
लोखंडी झाकण उचलायचं, आकडा टिपायचा, पुढचं घर.
कुत्रं मागं लागलं तरी पळत नाही.
कुत्र्यांना पळणारेच आवडतात.

शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, फळी गेली.
कोच गुइड्री वृद्धाश्रमात,
सूर्यफुलाच्या बिया सोलता येत नाहीत आता त्यांना,
मी सोलून देतो.
गेल्या महिन्यात खिडकीकडं बघत म्हणाले,
"त्या दिवशी माझा अंगठा जरा घाईत होता.
तू फितीला लागण्याआधीच दाबला मी.
लागणारच होतास, म्हणून."

"म्हणजे किती, कोच? दहा-पाच? दहा-सहा?"
ते झोपले होते.
अंगठा तेवढा हलत होता पांघरुणावर.

पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता बसून राहिलो.
चाळीस वर्षं ज्या आकड्यात राहिलो
त्याचं थोडं भाडं दुसऱ्यानंच भरलं होतं तर.
राग यायला हवा होता.
वाट पाहिली. आला नाही.
मग खांदे बघितले आरशात,
उजवा खरंच थोडा वर आहे.

सोमवारी लँड्रीबाईंच्या अंगणातलं झाकण उचललं.
मीटरच्या काचेवर बेडूक, बरोबर आकड्यांवर,
मागचे पाय दुमडून.
हुसकावला नाही.
त्याला वाटेल तेव्हा उडू दिला,
मग वाकून आकडा वाचला.
पुन्हा एकदा वाचला.