गव्हाण

पहिल्या उन्हाळ्यात गुरं यायची इथे,
कुंपण व्हायच्या आधी.
माळावर आडव्या पडलेल्या ह्या चार लांब पन्हळी
त्यांना गव्हाणीच वाटल्या असणार.
तोंड घालून बघायची.
आत वैरण नाही, पाणी नाही,
नुसतं ग्वानाकास्तेचं आभाळ.

एर्मेलिंदो मातारिता तेव्हापासून आहे.
ह्याच माळावर घोड्यावरून सहाशे गुरं वळायचा,
आता फाटकावर रात्रपाळी.
इग्वाना हाकलायचे, गवत उतरवायचं,
आणि एक वही:
किती वाजता कोण आलं, कोण गेलं.

"नोइलिन, तुझी किती भरली आज?"
मी आकडा सांगते.
तो टोपी मागे सारतो.
एवढी गुरं एका माणसाला ओळखू येत नाहीत, म्हणतो.

त्याला त्याच्याच बोलीत सांगावं लागतं.
काही दुभती आहेत: फोन देतात, नकाशे देतात, हवामान देतात.
त्यांचे धनी आम्हाला महिन्याचे पैसे भरतात,
वाटेत कुणी आडवं येणार असेल
तर रात्री दोनलाही उठवतो आम्ही त्यांना.
बाकीची भाकड.
रॉकेटचे रिकामे टप्पे, बोल्ट, मुके उपग्रह.
धनी होता एकेकाचा,
पण तो देशच आता नकाशावर नाही.

"मग कोंडवाड्यात घाला."
कोंडवाडा नाही, एर्मेलिंदो.
मोजणी आहे फक्त, आणि डाग देणं,
तेही नंबराचा,
कातडं जळल्याचा वास न येता.

मार्चमधली रात्र, पापागायो सुटलेला,
फाटकाची साखळी थांबायचं नाव घेईना.
पडद्यावर दोन भाकडं.
एक रॉकेटचा टप्पा, ह्या खोलीपेक्षा लांब,
दुसरं माझ्या जन्माआधीपासून मुकं.
तीन बाराला, दूर दक्षिणेच्या समुद्रावर,
दोघांत अंतर अकरा मीटर.
चूकभूल धरली तर पन्नास.
किंवा काहीच नाही.
समोरासमोर, सेकंदाला चार कोस.

मी ग्राहकांची यादी वर केली, खाली केली.
मेलेल्यांच्या नावाने कुणी वर्गणी भरत नाही.

एर्मेलिंदो थर्मास घेऊन आत आला,
नियमात बसत नाही ते.
म्हणाला, दोन वळू एका बोळात शिरले
की आम्ही शीळ घालायचो.
आणि घातली त्याने.
खिडकीकडे तोंड करून, लांबलचक.
मला हसू आलं नाही.

तीन बारा झाले.
काही झालं नाही. म्हणजे, इथे.
साखळी, एसी, कॉफी.

आमचा जोडीचा रडार न्यूझीलंडला, मेंढ्यांच्या मुलुखात.
तिथली मोराग अजून झोपायची होती.
तिने दोनच शब्द धाडले: दोन्ही आहेत.

"मोजून बघ," एर्मेलिंदो म्हणाला.
मोजलेलंच आहे, मी म्हटलं.
"मोजून बघ."

पाचच्या सुमारास आमच्या गव्हाणीवरून गेली ती.
आधी टप्पा, कोलांट्या खात, धडधाकट.
मग बऱ्याच वेळाने ते मुकं.
आणि त्याच्या मागोमाग
एका श्वासाच्या अंतराने
लिंबाएवढं
काहीतरी,
जे काल नव्हतं.

कुणाचं?
मी तात्पुरता नंबर दिला,
तो यादीच्या शेपटीला जाऊन उभा राहिला.
आता फोन वाजायला लागले, दुभत्यांच्या धन्यांचे,
झोप चांगली झालेल्या आवाजात:
आमच्या वाटेत येईल का ते?
आज नाही, मी म्हणत राहिले.
आज नाही. आज नाही.

पाळी बदलताना वही उघडीच होती टेबलावर.
दहा चाळीस, डिझेलचा टँकर.
अकरा, इंजिनियर बाई.
त्याखाली पेन्सिलीने, जोर देऊन:

पहाटे पाच. दोन गेली होती, दोन आली.
सोबत एक वासरू, बिनडागाचं.
कुंपण बघून घेणे.