डोहाचं पान

रुंफीच्या उतारावर, घेवड्याच्या वाफ्यांना लागून
कातुपेची झुडपं. पुरुषभर उंच, पांढऱ्या फुलांची.
शेळी हुंगते आणि पुढे जाते.

न्यागोंद्वे पानं खुडून चितेंजेच्या ओच्यात भरते,
उखळात घालते.
मका कांडताना मुसळ खणखणतं,
हे ओलं, बुडाशी बसणारं.
कुंपणापलीकडे शेजारीण ओळखते :
आज खायचं काही नाही त्यात.

याच पानांनी तिच्या बापानं रुकुरूचा डोह मारला होता.
ती नऊ वर्षांची, हातात टोपली.
पाणी जरासं दुधाळलं,
मग मासे वर आले, आडवे,
बोटाएवढेसुद्धा. ते कोणी वेचले नाहीत.
त्या रात्री गाव पोटभर जेवलं.
पुढची दोन वर्षं डोहात जाळं टाकलं
की जाळंच वर यायचं.

बादली म्हणून ओढ्यापासून शंभर पावलं लांब.
पाला रात्रभर भिजतो. सकाळी ती तो
नवऱ्याच्या जुन्या शर्टातून गाळते
(कॉलर अजून धड आहे),
साबणाची वडी किसून घालते,
रस पानाला धरून राहावा म्हणून.

आणि मग दिवसभर काही करत नाही.

शेतकी खात्याचा कायिरा वही उघडून विचारतो,
आत्ताच का नाही मारत?
‘उन्हात मरतं ते. उजेड सोसत नाही त्याला.’
थोडं थांबून :
‘बापही अंधारातच निघायचा.’
कायिरा पहिलं वाक्य लिहून घेतो.

सावल्या लांबल्या, मधमाश्या परतल्या
की गवताची केरसुणी बुडवून
ती वाफ्यांतून वाकत जाते,
पान उलटून, पोटाशी शिंपडत,
मावा तिथंच दाटीवाटीनं बसतो, काळा,
सांडलेल्या मोहरीसारखा.

बादलीत तळाशी ओंजळभर उरतं.
लुसुंगू, तिचा धाकटा, ओढ्याकडे बघतो.
‘हे तिकडे ओतलं तर?
एकदाच. थोडंच.’
त्याला कोणी सांगितलेलं नाही काही.
नऊ वर्षांचा आहे.

ती बादली त्याच्या हातातून घेते,
कातुपेच्याच बुंध्याशी उपडी करते,
आणि हात धुते
मातीनं, मग राखेनं, मग पाण्यानं,
मग पुन्हा मातीनं.

‘चल,’ म्हणते, ‘तुला एक डोह दाखवते.
आता मासे आहेत त्यात.’