ढोलाचा पट्टा

आमच्या घरात दिवसा आवाज करायचा नसे.
बाबांची रात्रपाळी, रिफायनरीत.
सकाळी सातला कंपनीची बस त्यांना मंगाफच्या सिग्नलला सोडायची
आणि आई खिडकीच्या काचेला चिकटवलेला चांदीचा कागद
पुन्हा एकदा दाबून बसवायची.
नळ हळू सोड.
डबा फरशीवर नको, गादीवर ठेव.
शिंक आली तर बाथरूममध्ये जा.
मला कितीतरी वर्षं वाटायचं,
मराठी ही कुजबुजायचीच भाषा आहे.

सातवीत सेल्वराज सरांनी विचारलं, मोठा ढोल कोण घेणार?
मुलगे मागे सरकले.
आयझॅक उन्हाळ्यात गेला होता.
त्याच्या पप्पांचा अकामा संपला,
आधी खोकी, मग रिकामा बाक, इतकंच.
ढोल शाळेचा, म्हणून राहिला.
पट्ट्याच्या आतल्या बाजूला बॉलपेननं त्याचं नाव, इंग्रजीत,
घामानं पसरलेलं निळं.
मी हात वर केला. का, ते आजही सांगता येत नाही.
सर म्हणाले, सिप्रा? तू?
क्ष त्यांच्या जिभेला कधी जमला नाही
आणि मी कधी दुरुस्त केला नाही.

ढोल चढवला की पुढचं काही दिसायचं नाही,
स्वतःचे पायसुद्धा नाहीत.
फक्त डावीकडे झांजवाल्या मुनीराची वेणी.
सूर पुढच्यांचे, बिगुलवाल्यांचे, बासरीवाल्यांचे.
माझं काम एकच,
डावा पाय पडेल तिथे धम्म.
सर म्हणायचे, बिगुल चुकला तर एकजण चुकतो,
तू चुकलीस तर ऐंशी पाय चुकतात.
इतकं कुणी माझ्यावर सोपवलं नव्हतं.
घरी तर गॅससुद्धा नाही.

सराव पहाटे सव्वापाचला, ऊन चढायच्या आत.
तोझ उठली की दातांत वाळू करकरायची.
कुंपणापलीकडे लांब रिफायनरीची ज्योत,
तिच्याखाली कुठेतरी बाबा घड्याळांचे काटे टिपत असायचे
आणि मी इकडे एक-दोन, एक-दोन.
घरचा सराव उशीवर,
लाटण्याला पायमोजा गुंडाळून.

सव्वीस जानेवारीला बाबा आले.
थेट पाळीवरून, निळ्या डांगरीत, बुटांना तेल.
दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली त्यांना.
झेंडा वर गेला, आम्ही निघालो,
आणि वळणावर, जिथे ढोल तिरका होतो
नि क्षणभर माणसं दिसतात,
मला दिसलं, बाबा झोपलेत.
मान मागे, तोंड उघडं.
वीस पावलांवर माझं धम्म,
मुनीराची झांज, ऐंशी पाय,
आणि बाबा गाढ.
शेजारच्या पणिक्करबाई कोपरानं ढोसत होत्या त्यांना.
नका हो, मी मनात म्हटलं.
ज्या झोपेसाठी मी शिंकासुद्धा गिळल्या
ती माझ्या सगळ्यात मोठ्या आवाजात
लागली होती.
रात्री डबा भरताना ते म्हणाले, छान वाजवलंस.
मी हो म्हटलं. जरा मोठ्यानंच.

दोन वर्षांनी आमचीही खोकी निघाली.
गणवेश धुऊन परत केला, टोपीचा तुरा वेगळ्या पिशवीत.
बँडचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता.
कुणी गेलं की एक दिवस त्याची जागा मोकळी ठेवून चालायचं,
दुसऱ्या दिवशी रांग जुळवायची.
अशा किती मोकळ्या जागांच्या शेजारून मी चालले असेन.
माझी तेवढी बघायची राहिली.
मुनीरानं फोनवर सांगितलं,
ढोल नव्हता तरी पाय सगळ्यांचे बरोबर पडले,
वळणावर फक्त जरा गोंधळ झाला.
त्या जरा गोंधळाचं मला काय वाटलं
ते मी तिला सांगितलं नाही.

पट्ट्यावर आयझॅकच्या खाली मीही लिहून आले होते,
क्षिप्रा. देवनागरीत, क्ष नीट काढून.
पुढच्या पोराला वाचता आलं की नाही,
कोण जाणे.