जेलचा ठोकळा

नेब्रास्कात, व्हर्लिनच्या कापणी झालेल्या मक्याच्या रानात
टेबलावर ठोकळा : खरवसासारखा,
हात लागला की थरथरणारा.

पहिलं काडतूस खड्या मिठाचं. चार बोटं आत, बस्स.
दुसऱ्यात नाणी, दहा सेंटांची,
आडवीतिडवी घुसली; एक तर उभंच राहिलं
गल्ल्याच्या फटीत अडकल्यागत.
मेणाचं मात्र आरपार.
टॅमसिन हसली, फूटपट्टी पुसली, वहीत लिहिलं.

"आणि हा?" तिनं त्याच्या खांद्याला बोट लावलं.
नवव्या वर्षीचा छर्रा,
थोरल्या ऑरिनच्या हातून सुटलेला.
"मोजला नाही कधी."

संध्याकाळी त्यानं ठोकळा पातेल्यात घातला,
झाऱ्यानं नाणी काढली,
उभा राहिला
सगळ्या भोकांचं पाणी होईपर्यंत,
थंडीत खांदा
न बघता चोळत.