कारण: इतर

दाराला घंटी आहे, पण तिची गरज पडत नाही.
माणूस गाडीतून उतरायच्या आधीच
आतली चाळीस नाकं त्याला ओळखतात.

मी हात बघते.
न्यायला येणाऱ्यांचे हात मोकळे,
पट्टा आणायचाही बहुतेक विसरलेले.
द्यायला येणाऱ्यांच्या हातांत पिशव्या:
अर्धं उरलेलं खाणं, चावून चिंध्या झालेलं घोंगडं,
एखादा वाडगा, नाव रंगवलेला.

रोझेर पेल्तिए आला तो मार्चमधला मंगळवार.
बर्फ काळवंडलेला,
बटाट्यांच्या वखारींची छपरं ठिबकत होती.
त्याने टोपी काढून पोटाशी धरली
आणि कुत्री त्याच्या बुटावर बसली.
अकरा वर्षांची. एका डोळ्यात मोतीबिंदू. नाव मिनूश.
मिनूश म्हणजे फ्रेंचमध्ये मनीमाऊ.
बायकोला मांजर हवं होतं, तो म्हणाला, मी ही आणली.
तिचा राग दोन दिवस टिकला,
नाव टिकलं.

मी फॉर्म पुढे सरकवला.
सोडण्याचं कारण, एकावरच खूण करा:
घर बदललं. घरमालकाची हरकत. ॲलर्जी.
नवं बाळ. खर्च झेपत नाही. चावते.
त्याने चष्मा लावून सगळे चौकोन वाचले,
खानावळीतलं दरपत्रक वाचावं तसे,
आणि 'इतर'वर फुली मारली.
इतरच्या पुढे दीड इंच जागा आहे.
त्यात त्याने लिहिलं: आर्मांदीन गेली. माझे गुडघे.

विजेला घाबरते का?
नाही. पण रात्री तीनला उठून खोल्या मोजते.
एकटी राहू शकते का?
तो बराच वेळ टोपीची शिवण चाचपत राहिला.
शिकतं माणूस, म्हणाला.
मी लिहिलं: होय.

बाहेरच्या पाटीवर आहे, इथे कोणालाही मारलं जात नाही.
ती वाचून लोकांचे खांदे सैल होतात.
त्यांना मागच्या खोलीतला करडा बोका दाखवावासा वाटतो.
सहा हिवाळे झाले.
त्याच्या पिंजऱ्यावरचं वय आम्ही पेन्सिलीने लिहितो.
न मारणं म्हणजे
रोज सकाळी कोणीतरी पाणी बदलायचं.

जाताना पेल्तिएने वळून पाहिलं नाही.
पहिल्या वर्षी मी याला निष्ठुरपणा समजायची.
गाडी मात्र अर्धा तास तिथेच उभी,
किल्ली फिरवल्याचा आवाजही नाही.

मिनूश कोणाचंच ऐकेना.
बस म्हटलं की उभी, ये म्हटलं की भिंतीकडे तोंड.
बहिरी असावी, असं मी कार्डावर लिहिलं,
खाडाखोड करायला लागेल हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग एका शनिवारी क्लेमान्स म्बुयी आली,
काँगोहून आलेली, इस्पितळात रात्रपाळी करणारी,
सोबत सहा वर्षांचा मुलगा, एका जागी न ठरणारा.
तिला मांजर बघायचं होतं.
मुलगा पिंजऱ्यांच्या रांगेत पळत सुटला
आणि ती ओरडली, व्हियँ इसी!
मुलगा आला नाही.
मिनूश उठली. अडखळत, जाळीला नाक लावून,
शेपटीने बादली उलथवत.

लगेच काही झालं नाही.
घरमालक फक्त मांजराला हो म्हणत होता.
क्लेमान्स तीन आठवड्यांनी परत आली,
त्याचं पत्र घडी करून बुटात ठेवलेलं,
पावसात भिजू नये म्हणून.
पट्टा आणला नव्हता. आमच्यातलाच एक दिला.

पेल्तिए दर मंगळवारी फोन करायचा.
कुत्रीचं कधी विचारलं नाही.
छप्पर गळतंय का, रस्त्यावर मीठ टाकलं का, एवढंच.
त्या मंगळवारी मीच सांगितलं,
मिनूश गेली.

तारेपलीकडे काहीच नाही.
घड्याळाचं एक वेटोळं होईपर्यंत काहीच नाही,
आणि मग कळलं मी काय बोलले,
त्याच्या घरात हा शब्द शेवटी कोणासाठी वापरला होता.

घरी, मी म्हणाले. घरी गेली. एक मुलगा आहे तिथे.
तिच्याशी फ्रेंच बोलतात.

बरं, तो म्हणाला.
मग, जरा थांबून: रात्री तीनला उठेल, सांग त्यांना.

फोन ठेवून मी मागे गेले.
बोक्याचं पाणी बदललं,
सहा खोडला.