खिसे

"तीन, दोन, तीन. पाच, चार, सहा."
रासा आकडे सांगते, कोपऱ्यातली पोरगी टिपून घेते.
मी आ वासून छताकडे बघते.
तिथे हंबर नदीवरच्या पुलाचं पोस्टर,
एक कोपरा सुटून लोंबतोय,
सारखं वाटतं, आत्ता पडेल तोंडात.

सहा म्हणजे काय, ते विचारता येत नाही.
तिला कळतं. हात न थांबवता म्हणते,
दात आणि हिरडीच्या मध्ये खिसे होतात,
तीन मिलिमीटरपर्यंत चालतं,
त्याखाली ब्रश पोचत नाही, कितीही घासा.

खिसे!
फलटणच्या शिंपिणीनं माझ्या एका ड्रेसला
कधी खिसा ठेवला नाही.
"पोरींना काय ठेवायचंय त्यात?"
आणि आता पन्नाशीत, आतल्या आत, एकोणीस.
मला न विचारता शिवलेले,
मला न विचारता भरलेले.

"टोचेल हं," ती म्हणते, इथल्या रीतीनं,
जणू सुईच्या वतीनं माफी मागतेय.
डावा ओठ आधी जाड होतो,
मग परका,
मग नाहीच.

आधी पाणी उडवणारं यंत्र, शीळ घालत.
मग ते ठेवून ती एक आकडी उचलते,
क्रोशाच्या सुईसारखी, पण कडेला धार,
आणि मुळाशी जाते.
दुखत नाही. ऐकू येतं.
कानानं नव्हे, कवटीनं.
खर्र. खर्र.
दुधाच्या पातेल्याच्या बुडाची खरवड.
ताई शिंपल्यानं काढायची, उकिडवी बसून,
पांढरी माझ्या हातावर द्यायची,
करपलेली स्वतः खायची.
म्हणायची, मला कडूच आवडतं.
मी ते खरं मानलं. चाळीस वर्षं.

रासा कापसावर एक खडा दाखवते,
काळपट, तिळाएवढा.
"हा बराच जुना."
मी मनात वर्षं मोजते.
तीन वर्षांपूर्वी ताई फोनवर म्हणाली होती,
"तू पैसे पाठवतेस. आईची कवळी मी धुते. रोज रात्री."
मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.
पुढे आई गेली,
ते भाच्यानं कळवलं.

बाहेर बेव्हर्ली रोडवर वारा.
हातात बारीक ब्रशांची पुडी,
बाटली धुवायच्या ब्रशाची पिल्लं जशी.
बसथांब्यापाशी फोनचा खोका.
हलमध्ये ते लाल नसतात, सायीच्या रंगाचे,
म्हणजे चहा पिणाऱ्या दातांच्या.
त्याला टेकून मोबाइल काढला.
गोठलेल्या तोंडानं कोण फोन करतं?
पण तोंड जागं असताना
मी कधी केला नसता.

शाळेत मराठीच्या बाई पट्टी आपटत शिकवायच्या,
त थ द ध न, जीभ दातांना.
प फ ब भ म, ओठाला ओठ.
आज ओठ अर्धाच आहे.
रिंग होत होती तोवर "माफ" म्हणून पाहिलं,
म हनुवटीवर ओघळला,
फ ची नुसती वाफ.
पण "ताई"ला ओठ लागत नाहीत.

"ताई," म्हटलं.

पलीकडे कुकरची शिट्टी. मग,
"दारू प्यालीस का गं?"
"हिरड्या," एवढंच म्हणाले.
बराच वेळ काही नाही.
गॅस बारीक केल्याचा आवाज.
"रक्त येतं?"
"हं."
"मलाही येतं. मिठाच्या पाण्यानं थांबत नाही आता."
आणि मग ती सांगत सुटली, कुठला दात हलतो,
कुठल्या बाजूनं भाकरी चावत नाही,
फलटणचा डॉक्टर काय घेतो.
मी लाळ पुसत ऐकत राहिले.
दोन बस सोडल्या.

उजवी बाजू पुढच्या बुधवारी आहे.