भरतीनंतर पुन्हा

पोटावर एक गोल.
दोन रुपयांच्या नाण्याएवढा, बेंबीच्या उजवीकडे, चार बोटं वर.
कडा लाल, मधली कातडी अजून नेहमीची.
सायकलच्या हँडलचं रबर महिन्यापूर्वीच गेलं होतं,
उघड्या नळीनं आपला शिक्का मारून ठेवला.

तन्वेश, वय आठ, दुर्भाट.
"दुखता?" "ना."
"हांगा?" "ना."
सायकल थोरल्या भावाची, न विचारता काढलेली,
त्यामुळे कुठेच दुखत नव्हतं.

जेलची बाटली मी काखेत धरून ऊब दिली,
सिस्टर आग्नेला हसते या सवयीला.
तरी तो शहारला
आणि पोट इतकं आत ओढलं
की प्रोब बरगडीवर ठेचकाळला.
मासा कुठला आवडतो, विचारलं.
"शेवटो," म्हणाला,
आणि पोट सैल पडलं.

चार जागा बघायच्या असतात.
यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांना टेकून निजतात, ती फट.
डावीकडे प्लीहेखालची.
हृदयाभोवतीचं पातळ अस्तर.
आणि खाली, भरलेल्या मूत्राशयामागे;
बरं झालं, भीतीनं त्याला अजून लघवी झाली नव्हती.
सगळीकडे राखाडी, राखाडीला चिकटून राखाडी.
यंत्रही म्हणालं, ना.

दाराशी आजोबा उभे, सोयरू नाईक.
खाजनाच्या बांधावरची मानस सांभाळतात,
फळी अर्धी टाकून तसेच धावत आलेले,
पोटऱ्यांवर चिखल सुकून भेगाळलेला.
"उदक खंय दिसता?"
दिसत नाही, मी म्हटलं. काळं दिसलं असतं तर ते पाणी.
पाणी म्हणजे रक्त, हेही सांगितलं.
ते पडद्याशी वाकले. बराच वेळ.
"रातचें आमकांय तें काळेंच दिसता."
मग घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघून,
"भरती आनी चडूंक ना. चडली की परत पळयात."

मी तेच करणार होते.
शिकलेच आहे तसं: लहान मुलांत स्वच्छ चित्राची हमी धरायची नाही,
अवयव चिरतो आणि रक्त त्याच्याच कवचात दडून बसतं,
नाडी तेवढी धावते.
एकशे दहा होती. आता एकशे अठ्ठावीस.
पण मी शिकलेलं ऐकलं की त्यांचं,
कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नऊ चाळीस.
आईनं आणलेली पेज झाकलेलीच, त्याला काही द्यायचं नाही.
तो पेंगुळलेला, ओठ जरा फिके
की ट्यूबलाइटमुळे तसे, मी स्वतःशी वाद घातला.
प्रोब पुन्हा त्याच फटीत.
श्वास घे. धर.
आणि तिथे, यकृताच्या कडेशी
उकड्या तांदळाच्या दाण्याएवढं
काळं.
कोन बदलला. होतं.
त्याला किंचित कुशीवर केलं. होतंच.
पडदा गोठवला, मोजलं, चार मिलिमीटर.

आजोबांना दाखवावं लागलं नाही.
ते आधीच चपला शोधत होते.

रक्तगट, दुसरी सुई, बांबोळीला फोन,
सिटी तयार ठेवा, हो, मूल आहे, वीस किलो.
अहवालात सात वाजताची ओळ होती: द्रव नाही.
ती खोडली नाही मी. खाली दुसरी लिहिली, वेळ घालून.

स्ट्रेचर दाराबाहेर जाताना
त्यानं बोटानं मला खाली बोलावलं.
"थंय दुखता," कानात,
"पूण दादाक सांगू नाकात."

एकशे आठची गाडी फर्मागुडीच्या चढाला लागेपर्यंत
निळा दिवा दिसत होता.
त्याआधी, दार लागताना,
आजोबांचा फोनवरचा आवाज, कुणालातरी दरडावून:
मानशीची उरलेली फळी घाल,
आत्ताच घाल,
हांव आयज येना.